आकड्यांतील अपपाठ

(बऱ्हाणपूर येथे मराठीचे अध्यापक, लेखक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानाचा विषय वाचून दोघा-तिघांनी मला फोन केला. 'मॅडम, हा विषय संगणक विभागाचा दिसतो. पत्रिका छापताना काही घोटाळा झाला का?' घोटाळा झालेला नाही. काळाच्या क्रमाने साठवत गेलेल्या आकड्यांत यंत्राच्या दोषामुळे शिरलेल्या चुकीच्या नोंदी कशा ओळखायच्या, त्या काढायच्या का, आणि काढायच्या तर कशा, हाच आजचा विषय आहे. जुन्या पोथ्यांच्या पाठचिकित्सेत ज्यांनी थोडाफार वेळ घालवला आहे त्यांना तो परका वाटू नये. इंग्रजीत तापमापकाने दाखवलेल्या आकड्यालाही 'रीडिंग' म्हणतात आणि पोथीतल्या पाठालाही 'रीडिंग'च म्हणतात. आपल्याकडे 'नोंद' आणि 'पाठ' असे दोन निराळे शब्द आहेत, म्हणून ही दोन्ही कामे एकाच कुळातली आहेत हे आपल्या चटकन ध्यानात येत नाही.

प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टीपासून सुरुवात करते. ३० मे २०२४ रोजी नागपुरात रामदासपेठेतल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शेतात बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदवले. सोनेगावच्या केंद्राने ५४ नोंदवले. त्याच दिवशी खापरी आणि रामटेक इथली केंद्रे मात्र ४४ अंशांच्या आसपास होती. ५६चा आकडा काही तासांत देशभर फिरला. भारतात तोवर मान्य झालेला उच्चांक राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६चा, ५१ अंशांचा. म्हणजे नागपूरने तो एका फटक्यात ५ अंशांनी मोडला असे दिसत होते. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राने लगोलग खुलासा केला की संवेदक, म्हणजे आपण ज्याला सरळ सेन्सर म्हणतो तो, बिघडलेला आहे आणि हा आकडा ग्राह्य नाही. आदल्याच दिवशी, २९ मे रोजी, दिल्लीजवळच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले होते. तिथे तज्ज्ञांनी प्रमाणित उपकरण शेजारी ठेवून तुलना केली तेव्हा तो सेन्सर ३ अंश जास्त दाखवत असल्याचे आढळले.

या दोन घटनांत फरक आहे, आणि तो पुढे आपल्याला लागणार आहे. नागपूरचा ५६ हा आकडा उघडउघड अशक्य होता. मुंगेशपूरचा सेन्सर मात्र मुळातल्या आकड्यात ३ अंश मिसळून सांगत होता. पोथीच्या भाषेत बोलायचे तर पहिला लेखनिकाचा ढळढळीत प्रमाद आहे आणि दुसरे हे लेखनिकाचे वळण आहे. प्रमाद डोळ्यांत भरतो. वळणाला मात्र सगळी पोथी वाचून काढावी लागते.

आता थोडे घराजवळचे. लोधीपुऱ्यातला माझा एक विद्यार्थी आहे. बी.ए.ला मराठी साहित्य घेतलेला, पण हातात सदा सोल्डरिंगची कांडी. दर्ग्याला येणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर त्यांचे घर आहे. त्याने गच्चीवर एक छोटा तापमापक सेन्सर बसवला आणि मिनिटाला एक अशा नोंदी घरातल्या एका लहानशा संगणकावर साठवायला सुरुवात केली. महिन्याभराने तो आलेख घेऊन आला. आलेख शहाण्यासारखा चालत होता, फक्त अधूनमधून एक काटा सरळ वर गेलेला. 'मॅडम, गच्चीवर पंच्याऐंशी डिग्री!' दिवसाही पंच्याऐंशी, रात्री दोन वाजताही पंच्याऐंशी, आणि प्रत्येक वेळी नेमके पंच्याऐंशीच.

आकडा नेमका तोच तो येतो, हाच त्यातला धागा होता. तो जो सेन्सर वापरत होता, डीएस१८बी२० नावाचा, त्याला वीज मिळाल्याबरोबर त्याच्या स्मृतीत ८५ हा आकडा आधीच भरून ठेवलेला असतो. पहिले मोजमाप पूर्ण व्हायच्या आत कोणी विचारले तर तो तेच सांगतो. वायर सुटली तर त्याच सेन्सरसाठी सर्रास वापरली जाणारी आज्ञावली उणे १२७ सांगते. म्हणजे त्या मुलाच्या आलेखातला प्रत्येक काटा हा लोधीपुऱ्यात लाईट जाऊन परत आल्याची खूण होता. त्याने तारखा ताडून पाहिल्या, जुळल्या. मी त्याला म्हटले, तापमानाच्या दृष्टीने ही नोंद खोटी आहे खरी, पण विजेच्या दृष्टीने ती खरी आहे. तू ती पुसलीस तर वीज कधी गेली होती हेही पुसून जाईल. पोथीत मध्येच 'श्रीराम' असे निराळ्या शाईत आले तर ते मूळ काव्यातले नसते हे ठीक, पण लेखनिक तिथे उठून गेला होता आणि पुन्हा येऊन बसला, हे त्यातून कळते. अपपाठालाही स्वतःचा इतिहास असतो.

त्याला मात्र ती नोंद काढायचीच होती, आणि तिथे खरी गंमत झाली. ज्याला कालश्रेणीचा साठा म्हणता येईल, अशा साठ्यांत प्रत्येक नोंदीला एक काळाचा शिक्का असतो, कुठल्या सेन्सरची याची चिठ्ठी असते आणि मग मूल्य असते. हे साठे भराभर लिहून घेण्यासाठी बांधलेले आहेत. दर सेकंदाला हजारो नोंदी आल्या तरी ते ओळीने मांडत जातात. पण मागे जाऊन एखादी नोंद बदलणे हे त्यांच्या स्वभावात नाही. त्या मुलाने वापरलेल्या इन्फ्लक्सडीबी या साठ्याला 'अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंतचे, या सेन्सरचे सारे पूस' असे सांगता येते. 'जिथे जिथे मूल्य ८० पेक्षा जास्त असेल तिथले पूस' असे मात्र सांगता येत नाही. पुसण्याची आज्ञा काळ आणि चिठ्ठी ओळखते, मूल्य ओळखत नाही. म्हणून आधी शोधाची आज्ञा देऊन ८० वरच्या सगळ्या नोंदींचे नेमके क्षण काढायचे, त्यांची यादी करायची, आणि मग एकेका क्षणापुरती पुसण्याची आज्ञा चालवायची. दुसरी वाट अशी की त्याच क्षणाची, त्याच चिठ्ठीची नवी नोंद लिहायची, म्हणजे जुने मूल्य झाकले जाते. तो वैतागला होता. मला ती व्यवस्था शहाणपणाची वाटली. पुसण्याआधी यादी करावी लागते, म्हणजे पाहावे लागते. एका ओळीच्या आज्ञेने 'जे पटत नाही ते सगळे' पुसता आले असते, तर पाहण्याचे कष्ट कोणी घेतले असते?

पुसणे म्हणजे या साठ्यांत प्रत्यक्षात काय होते, तेही सांगण्यासारखे आहे. प्रोमिथियस नावाचा असाच एक साठा आहे. त्यात नोंदी पुसण्याची सोय मुळात बंद असते, मुद्दाम उघडावी लागते. उघडून आज्ञा दिली तरी नोंद लगेच जात नाही. तिच्यावर एक खूण ठेवली जाते, आणि त्या खुणेला त्या क्षेत्रात थडग्यावरचा दगड अशा अर्थाचा शब्द आहे. वाचणाऱ्याला ती नोंद दिसेनाशी होते, पण पुढे केव्हातरी साठ्याची आवराआवर होईपर्यंत ती आतच पडून असते. आपल्या गावाला ही कल्पना नवी नाही. मुमताजमहल १६३१ मध्ये इथेच गेली, तापीपलीकडे जैनाबादला तिला आधी दफन केले, आणि काही महिन्यांनी तिचे अवशेष आग्र्याला नेले. जागा इथे, देह तिथे.

आपल्या पोथ्यांमध्ये या खुणेचे काम हरताळ करत असे. पिवळ्या हरताळाचा लेप चुकलेल्या अक्षरावर लावायचा, वाळला की त्यावर नवे अक्षर लिहायचे. 'हरताळ फासणे' हा वाक्प्रचार तिथून आला. (संपाचा हरताळ वेगळा, तो हाटाला लागलेल्या टाळ्यातला.) हरताळाचा गुण असा की तो दिसतो. शेकडो वर्षांनी पोथी हाती घेणाऱ्याला कळते की इथे काहीतरी होते, कोणाला तरी ते चूक वाटले, आणि बरेचदा उजेडाला धरून खालचे अक्षरही थोडेफार वाचता येते. पान फाडून टाकणाऱ्याने मात्र आपल्याला काहीच ठेवलेले नसते.

आता जरा किचकट भाग. त्या मुलाने ८५च्या सगळ्या नोंदी नीट काढल्या, तरीही त्याचा दर तासाच्या सरासरीचा आलेख वाकडाच राहिला. कारण सरासरी आधीच काढून वेगळी साठवलेली होती. तासाला ६० नोंदी, त्यातल्या ५९ चाळीस अंशांच्या आणि एक ८५ची, तर सरासरी येते ४०.७५. पाऊण अंशाची ही वाढ डोळ्यांना दिसतही नाही. दिवसाचे कमाल तापमान काढून ठेवले असेल तर तिथे सरळ ८५ बसलेला असतो. मूळ नोंद सुधारली म्हणून तिच्यावरून काढलेल्या प्रती आपोआप सुधारत नाहीत. पाठचिकित्सेच्या विद्यार्थ्यांना मी हे नेहमी सांगते: चूक जितकी जुन्या प्रतीत, तितकी तिची संतती मोठी. एकच प्रमाद पाच पोथ्यांत एकाच जागी सापडला की त्या पाचही एका आईच्या लेकी आहेत हे आपण ओळखतो. पोथ्यांचा वंशवृक्ष आपण गुणांवरून नाही, समान चुकांवरून मांडतो. आकड्यांच्या बाबतीत हाच वृक्ष मांडावा लागतो. मूळ नोंदी, त्यांवरून तासाची सरासरी, तिच्यावरून दिवसाची, दिवसावरून महिन्याची, आणि महिन्यावरून कोणाच्या तरी प्रबंधातला तक्ता. खालून नव्हे, वरून दुरुस्त करत यावे लागते, आणि प्रत्येक पायरी पुन्हा काढावी लागते.

आपल्या परंपरेत संहिता शुद्ध करण्याची दोन मोठी उदाहरणे आहेत आणि त्यांची रीत एकमेकींहून फार वेगळी आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२, म्हणजे १२९० सालची. तीनशे वर्षांत तिच्या प्रतींत अपपाठ शिरले, कोणी आपल्या ओव्या मिसळल्या. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये एकनाथांनी ती शुद्ध केली आणि पुढच्यांनी आपली भर घालू नये असे बजावले. त्यांचे उपकार थोर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण नाथांनी काय काय काढले, हे आज आपल्याला कळायला मार्ग नाही. वि. का. राजवाड्यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक प्रत छापली, त्यावरून किती वाद झाले हे इथल्या अध्यापकांना सांगायला नको. त्या वादांच्या मुळाशी, मला वाटते, ही न ठेवलेली यादी आहे.

दुसरे उदाहरण पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे. काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये संपले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९३३ मध्ये आदिपर्वाची संपादित संहिता बाहेर आणली. त्यांनी शेकडो पोथ्या ताडून कितीतरी भाग मूळ संहितेबाहेर काढला, त्यात व्यासांनी सांगायचे आणि गणपतीने लिहायचे ही सर्वांची आवडती कथाही गेली. लेखनिकच संहितेबाहेर! पण बाहेर म्हणजे कुठे? तळटीपांत आणि परिशिष्टांत. कुठल्या पोथीत काय आहे याच्या नोंदीसह. ज्याला सुकथनकरांचा निर्णय पटत नाही त्याला तो निर्णय उलटवायला लागणारे सगळे साहित्य त्यांनी स्वतःच त्याच्या हाती दिले आहे. संशोधकाची सभ्यता मी यालाच म्हणते. हवामानाच्या आकड्यांची नीट व्यवस्था लावणाऱ्या संस्थाही हेच करतात. मूळ नोंदींना हात लावत नाहीत, शेजारी एक खूण ठेवतात: ग्राह्य, संशयित, बाद. वापरणाऱ्याने कुठल्या खुणा घ्यायच्या ते त्याने ठरवायचे.

खुणा कशाच्या आधारे ठेवायच्या? रूढ कसोट्या चार-पाच आहेत आणि त्या ऐकायला सोप्या आहेत. आकडा शक्य कोटीतला आहे का, हे आधी पाहायचे. मग आधीच्या नोंदीपासून त्याने अशक्य उडी मारली आहे का ते. तापीची पातळी चढते तेव्हा बऱ्हाणपूरकर राजघाटावर जाऊन पायऱ्या मोजतात. पुराचे पाणी झपाट्याने वाढते हे आपण पाहिलेले आहे, पण एका मिनिटात ५ मीटर चढून पुढच्या मिनिटाला पुन्हा जागेवर येणारी नदी नसते, तो सेन्सरसमोरून गेलेला पक्षी किंवा त्याच्या तोंडाशी विणलेले कोळ्याचे जाळे असते. मग तोच तो आकडा तासन् तास येतो आहे का, हेही पाहायचे. जिवंत हवा इतकी स्थिर राहत नाही. शेवटची कसोटी शेजाऱ्यांची: आजूबाजूची केंद्रे काय सांगतात? नागपूरचा ५६ या शेवटच्या कसोटीवर तत्काळ पडला.

शेजाऱ्यांची कसोटी सगळ्यांत भरवशाची म्हणून सांगितली जाते, म्हणून तिच्याबद्दल थोडे थांबून बोलते. २६ जुलै २००५ आठवा. मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच मुंबईत, त्याच २४ तासांत, कुलाब्याला ७३ मिलिमीटर. ही दोन्ही आकडेवारी एखाद्या यंत्राच्या हवाली केली असती आणि 'शेजाऱ्यापेक्षा दहापट वेगळे असेल ते बाद कर' असे सांगितले असते, तर मुंबईच्या इतिहासातला सर्वांत भीषण पाऊस बाद ठरला असता. तो आकडा खरा होता हे त्या दिवशी छातीभर पाण्यात उभ्या असलेल्या लाखो लोकांना ठाऊक होते. यंत्राला ते ठाऊक नसते.

याहून मोठे उदाहरण अंटार्क्टिकावरच्या ओझोनचे आहे. जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँक्लिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये हॅली इथल्या जमिनीवरच्या उपकरणाच्या नोंदींवरून दाखवले की तिथल्या वसंत ऋतूत ओझोन कमालीचा घटतो आहे. त्या आकाशावरून अमेरिकेचा निंबस-७ हा उपग्रह काही वर्षे फिरतच होता. त्याने हे का सांगितले नाही? असे सर्रास सांगितले जाते की उपग्रहाच्या संगणकाने इतके कमी आकडे चुकीचे समजून फेकून दिले. पाठ्यपुस्तकांतही ही गोष्ट अशीच येते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे आणि अधिक बोधक आहे. १८० एककांखालच्या नोंदींवर आज्ञावली 'संशयित' अशी खूण करत होती, पण त्या नोंदी फेकलेल्या नव्हत्या. म्हणूनच भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ पी. के. भार्तिया आणि त्यांचे सहकारी त्यांकडे परत जाऊ शकले, आणि उपग्रहानेही तेच पाहिले होते हे दाखवता आले. १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. त्या नोंदी पुसल्या गेल्या असत्या तर जमिनीवरच्या एका केंद्राच्या शब्दावर जगाला विश्वास ठेवावा लागला असता, आणि ते एकच केंद्र बिघडलेले आहे असे म्हणणारे कमी नसते.

पाठचिकित्सेत एक जुना नियम आहे: दोन पाठांपैकी अवघड असेल तो मूळचा असण्याची शक्यता अधिक. लेखनिक अवघड शब्दाचा सोपा करतो, सोप्याचा अवघड सहसा करत नाही. सुकथनकरांनी हा नियम पाळला. आकड्यांच्या कसोट्या बरोबर उलट चालतात, त्या सोप्या पाठाच्या बाजूने असतात. जे नेहमीसारखे ते खरे, जे नेहमीपेक्षा निराळे ते संशयित. बहुतेक वेळा हे बरोबरच निघते, कारण सेन्सर लेखनिकासारखा विचार करून चुकत नाही, तो नुसताच बिघडतो. पण जग बदलत असते तेव्हा नेमके 'नेहमीसारखे' हेच माप खोटे होते.

आता पोटापाण्याची बाजू. इथे बसलेल्या निम्म्या घरांचा संबंध केळीशी आहे. राज्याची सीमा ओलांडून रावेरला गेले की महाराष्ट्राची हवामान आधारित फळपीक विमा योजना लागू होते. तिथे महसूल मंडळागणिक महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. नुकसान झाले की नाही, हे बागेत येऊन कोणी पाहत नाही, केंद्राच्या नोंदीवरून ठरते. केळीसाठी हिवाळ्यातला निकष असा राहिला आहे की सलग तीन दिवस किमान तापमान ८ अंश किंवा त्याखाली गेले पाहिजे. 'सलग' या शब्दाकडे लक्ष द्या. पहिल्या दिवशी ७.६, तिसऱ्या दिवशी ७.९, आणि मधल्या दिवशी सेन्सरने काही वेळ मान टाकली म्हणून नोंदच नाही, तर तिथे काय धरायचे? मधला दिवस बाद केला तर साखळी तुटते. शेजारच्या मंडळाचा आकडा घेतला तर त्या गावचा नाला, त्या गावची सखल जमीन यांचा हिशेब राहत नाही.

आणि मघाच्या मुंगेशपूरकडे परत या. ३ अंश जास्त सांगणारा सेन्सर मेमध्ये ५२.९ सांगतो, उच्चांक मोडतो, दिल्लीहून तज्ज्ञ तपासायला येतात. समजा तसाच सेन्सर केळीच्या पट्ट्यात आहे आणि जानेवारीच्या पहाटे खरे तापमान ७ असताना तो १० सांगतो. १० हा आकडा शक्य कोटीतला आहे, त्याने उडी मारलेली नाही, तो तोच तोही नाही, शेजाऱ्यांपेक्षा फार वेगळा नाही. कुठल्याही कसोटीवर तो पडणार नाही. कोणी तपासायला येणार नाही. बाग मात्र करपलेली असेल. माझ्या मते सगळ्यांत महागात पडणाऱ्या चुका या अशा सभ्य चुका असतात, आणि त्या साठ्यात बसून पकडता येत नाहीत. त्यासाठी प्रमाणित उपकरण घेऊन शेतात जावे लागते, वर्षातून निदान एकदा, आणि त्या भेटीची नोंद साठ्यात राहावी लागते.

पावसाचेही तसेच. हतनूर धरणाचे अधिकारी पावसाळ्यात बऱ्हाणपूर, देडतलाई, चिखलदरा, गोपाळखेडा, अकोला अशा वरच्या अंगाच्या पर्जन्यमापकांकडे पाहून ४१ दरवाज्यांपैकी किती आणि किती उघडायचे ते ठरवतात. स्वयंचलित पर्जन्यमापकात एक छोटी डोलती वाटी असते, ठरलेले पाणी भरले की ती कलंडते आणि एक ठोका मोजला जातो. वरच्या नरसाळ्यात पाने, माती किंवा घरटे अडकले की पाऊस कोसळत असताना नोंद येते शून्य. पुढे लख्ख उन्हात साठलेले पाणी झिरपते आणि कोरड्या दिवशी पाऊस नोंदला जातो. ५६ अंशांवर सगळे तुटून पडतात, शून्याला कोणी काही विचारत नाही. आणि इथे निवांत बसून पाठभेद ताडायला वेळ नसतो, रात्री दोन वाजता एका माणसाला ठरवायचे असते. त्याला फोन उचलून वरच्या गावाला 'बाबा, तिकडे पाऊस आहे का?' असे विचारता येते, ही सोय अजून तरी कुठल्या आज्ञावलीपेक्षा कमी दर्जाची नाही.

चुकीची नोंद किती वर्षे टिकू शकते, याचे एक उदाहरण देऊन शेवटच्या मुद्द्याकडे येते. लिबियातल्या अल अझिझिया या ठिकाणी १३ सप्टेंबर १९२२ रोजी ५८ अंशांची नोंद झाली आणि पृथ्वीवरचा उच्चांक म्हणून ती नव्वद वर्षे मिरवली. जागतिक हवामान संघटनेने नेमलेल्या समितीने मूळ नोंदवही मिळवली. वहीत काय दिसले? दोन दिवस आधीपासून हस्ताक्षर बदललेले होते. नवा माणूस आला होता, आणि तो आकडे चुकीच्या रकान्यात लिहीत होता. तिथला तापमापक जुन्या धाटणीचा होता, त्यातल्या सरकत्या खुणेचे खालचे टोक वाचायचे असते. वरचे टोक वाचले तर सुमारे ७ अंश वाढतात. आसपासच्या केंद्रांशीही तो आकडा जुळत नव्हता. १३ सप्टेंबर २०१२ रोजी, बरोबर नव्वद वर्षांनी, तो उच्चांक रद्द झाला आणि मान अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीच्या १० जुलै १९१३च्या ५६.७ अंशांना मिळाला. (त्या आकड्यावरही शंका घेणारे अभ्यासक आहेत.) हस्ताक्षर पाहून संहिता उलगडणे हे तर आपलेच काम. आजच्या साठ्यात हस्ताक्षर नसते, म्हणून सेन्सर कधी बदलला, कोणी बसवला, आज्ञावली कधी सुधारली, हे वेगळे लिहून ठेवावे लागते. ते लिहिले नाही तर नव्वद वर्षांनी पाहणाऱ्याला अक्षर बदलल्याचे कळायचा मार्गच उरत नाही.

शेवटचा मुद्दा शब्दांचा, कारण ही भाषेची अकादमी आहे. आमची मुले सरसकट 'डिलीट केलं' म्हणतात, हिंदीत 'हटा दिया'. दोन्हींत एकच क्रिया आहे: होते, आता नाही. प्रत्यक्षात वेगवेगळ्या पाच-सहा गोष्टी घडतात आणि मराठीकडे त्यांतल्या बहुतेकांसाठी शब्द आधीच आहेत, पोथ्यांच्या कामातून आलेले. ज्या नोंदीवर शंका आहे पण जी जागेवर आहे ती 'संशयित'. यंत्राने स्वतःची म्हणून घातलेली, तो ८५ किंवा उणे १२७, ती 'प्रक्षिप्त'. खूण करून वाचनातून वगळलेली ती 'बाद'. तिच्या जागी अंदाजाने दुसरा आकडा बसवला असेल तर तो 'कल्पित पाठ', आणि तो मोजलेल्या आकड्यासारखा कधीही छापू नये. संपादक कंसात घालतात तसा तोही वेगळा दिसला पाहिजे. आणि जिथे नोंदच नाही, तिथे बरेच साठे शून्य भरतात किंवा उणे ९९९९ असा आकडा घालतात, जो पुढे कोणीतरी सरासरीत धरून बसतो. पोथीचे पान किडीने खाल्ले असेल तर आपण तिथे अक्षर कल्पून भरत नाही, कोरेही सोडून देत नाही. 'त्रुटित' असे लिहितो, किती अक्षरे गेली असावीत तेही लिहितो. लोधीपुऱ्याच्या त्या साठ्यात आता रकान्यांची नावे हीच आहेत. 'त्रुटित'च्या पुढे त्याने कारणाचाही एक रकाना ठेवला आहे, आणि त्यात सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द 'लाईट' हा आहे.